हर्क्युलिसचे दंड आणि १९५८ सालची गोळी

परवा रविवारी दुपारी एक जुना इटालियन सिनेमा पाहिला. इंग्रजीत त्याला नुसतं 'हर्क्युलिस' म्हणतात. मूळ नाव 'ले फातिके दि एर्कोले', म्हणजे हर्क्युलिसचे कष्ट. साल १९५८, दिग्दर्शक पिएत्रो फ्रान्चिस्की, आणि हर्क्युलिसच्या भूमिकेत अमेरिकन शरीरसौष्ठवपटू स्टीव्ह रीव्ह्ज. सोबत माझा भाचा होता. वय एकोणीस, जिम लावून सहा महिने झालेले. हल्ली तो जेवताना पोळ्या न मोजता प्रोटीनचे ग्रॅम मोजतो.

सिनेमाच्या सुरुवातीलाच राजकन्येच्या रथाचे घोडे उधळतात. हर्क्युलिस शांतपणे एक झाड मुळासकट उपटतो आणि रथाच्या वाटेत फेकतो. घोडे थांबतात. भाच्याने तिथेच सिनेमा थांबवला आणि विचारलं, "मावशी, हा नॅचरल आहे का गं?"

ज्यांना ही भाषा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जिममध्ये 'नॅचरल' म्हणजे कुठलंही हॉर्मोनचं औषध न घेता शरीर कमावलेला माणूस. तरुण मुलं हल्ली कुठलंही पिळदार शरीर पाहिलं की आधी हाच प्रश्न विचारतात. तुम्हाला वाटेल, एका स्त्रीरोगतज्ज्ञाचा याच्याशी काय संबंध? गेली काही वर्षं हा विषय वेगळ्याच दाराने माझ्या दवाखान्यात येतो आहे. म्हणून आज हा लेख.

पडद्यावरचा हर्क्युलिस

आधी सिनेमाबद्दल थोडं. ग्रीक पुराणातला हा अर्धदेव. त्याने नेमियाचा सिंह मारला, क्रीटचा बैल आवरला. सिनेमात हे दोन पराक्रम आहेत आणि त्यांच्या जोडीला जेसनची सोनेरी लोकर आणायला निघालेली 'आर्गो' बोट आहे. शेवटी तो राजवाड्याच्या खांबांना साखळ्या अडकवून ओढतो आणि सगळा दर्शनी भाग शत्रूच्या सैनिकांवर कोसळतो. झाडं, दगड, खांब सगळे सिनेमाचे, म्हणजे हलके. खरी वस्तू एकच होती, ती म्हणजे रीव्ह्जचं शरीर. लोक तेच बघायला आले.

असे बलदंड नायक इटलीला नवे नव्हते. १९१४ च्या 'काबिरिया' या मूकपटात माचिस्ते नावाचा बलवान गुलाम होता. ती भूमिका करणारा बार्तोलोमेओ पागानो हा जिनोआच्या बंदरात माल चढवणारा-उतरवणारा कामगार. त्याची ताकद ओझी वाहून आलेली होती. चव्वेचाळीस वर्षांनी आलेल्या हर्क्युलिसचं शरीर मात्र वजनं उचलून, आरशात बघून, मापं घेऊन घडवलेलं होतं. दोन्ही शरीरं मोठीच, पण घडण्याची रीत निराळी.

जोसेफ लेव्हिन या वितरकाने १९५९ साली हा सिनेमा अमेरिकेत प्रचंड जाहिरात करून लावला आणि तो तुफान चालला. मग पुढची सहा-सात वर्षं इटलीतून अशा सिनेमांची रांगच लागली. आपल्याकडेही १९६४ साली दारासिंग 'सॅमसन' झाले आणि 'हर्क्युलिस'ही झाले. ज्यांनी ते सिनेमे थिएटरात पाहिले ते आज आजोबा आहेत. घरी परतल्यावर आरशासमोर दंड फुगवून पाहिला नाही, असा त्यांच्यात क्वचितच कुणी निघेल.

एक प्रसंग मात्र मला या वेळी वेगळाच भिडला. हर्क्युलिस भविष्यवेत्त्या सिबिलकडे जातो आणि आपलं अमरत्व काढून घ्यायची विनंती करतो. त्याला साध्या माणसासारखं जगायचं असतं, प्रेम करायचं असतं. देवाचं शरीर मिळालेला माणूस ते सोडून संसार मागतो. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या काही तरुणांचा प्रवास नेमका उलटा असतो. त्यांच्याकडे मी येणारच आहे.

तर, तो नॅचरल होता का?

रीव्ह्जचा जन्म १९२६ चा, अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातला. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात होता, फिलिपिन्समध्ये त्याला मलेरिया झाला. परत येऊन तो १९४७ साली 'मिस्टर अमेरिका' आणि १९५० साली 'मिस्टर युनिव्हर्स' झाला. उंची सहा फूट एक इंच, वजन सत्त्याण्णव किलोच्या आसपास. दंड, पोटरी आणि मान या तिन्हींचं माप सारखं असावं, हा त्याचा आग्रह होता. त्याची ती मापं साधारण साडेअठरा इंचांची होती.

तो आठवड्यातून फक्त तीन दिवस व्यायाम करायचा. एक दिवस व्यायाम, एक दिवस विश्रांती. आपण कधीच औषधं घेतली नाहीत, असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला. पुढे त्याने नैसर्गिक पद्धतीने शरीर कमावण्यावर पुस्तक लिहिलं आणि वेगाने चालण्याच्या व्यायामावरही लिहिलं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन प्रयोगशाळेत १९३५ सालीच तयार झालं होतं, पण रीव्ह्जने किताब जिंकले त्या काळात स्नायू वाढवण्याच्या गोळ्या बाजारात नव्हत्या. म्हणून भाच्याला मी इतकंच म्हटलं, "त्याचा शब्द आणि त्याचा काळ, दोन्ही त्याच्या बाजूने आहेत."

आणि एक गंमत ऐका. दिग्दर्शक सेसिल डीमिल 'सॅमसन अँड डिलायला'साठी रीव्ह्जचा विचार करत होते. त्यांनी त्याला वजन कमी करायला सांगितलं, असं रीव्ह्ज स्वतः सांगत असे. त्या काळात पडद्यासाठी 'जास्त' ठरलेलं ते शरीर आजच्या जिममधल्या मुलांना 'ठीक आहे' वाटतं. आपली नजर एवढी कशी बदलली, त्याचं उत्तर पुढे आहे.

स्नायू वाढतो कसा?

आपल्या स्नायूंमधल्या तंतूंची संख्या मोठेपणी फारशी बदलत नाही. व्यायामाने वाढते ती त्या तंतूंची जाडी. वजन उचललं की तंतूंवर ताण येतो. हा ताण म्हणजे शरीराला पाठवलेला निरोप: 'इथे काम वाढलंय, बांधकाम काढा.' प्रत्यक्ष बांधकाम व्यायाम संपल्यावर सुरू होतं आणि पुढचा दीड-दोन दिवस चालतं. त्याला तीन गोष्टी लागतात: प्रथिनं, पुरेसं एकूण अन्न आणि झोप.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते, पण ती मुख्यतः मज्जासंस्था शिकते म्हणून. मेंदू एकाच वेळी जास्त तंतू कामाला लावायला शिकतो. डोळ्याला दिसेल अशी वाढ व्हायला महिने लागतात आणि रीव्ह्जसारखं शरीर व्हायला वर्षं. वर आईवडिलांकडून मिळालेली हाडांची चौकट लागतेच. सगळ्यांचा रीव्ह्ज होत नाही, आणि हे सांगण्यात कमीपणा काही नाही.

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात 'फार्नेझे हर्क्युलिस' नावाचा तीन मीटरहून उंच संगमरवरी पुतळा आहे. रोममधल्या काराकालाच्या स्नानगृहांच्या अवशेषांत तो सोळाव्या शतकात सापडला. जगातल्या कितीतरी शरीरसौष्ठवपटूंनी त्याच्याकडे आदर्श म्हणून पाहिलं. हा हर्क्युलिस लढत नाही. तो गदेवर रेलून उभा आहे, मान खाली, दमलेला. एक हात पाठीमागे, त्यात पराक्रम करून मिळवलेली सफरचंदं. मला हा पुतळा स्नायूंच्या शरीरशास्त्राचा धडा वाटतो. कष्ट झाले, आता विश्रांती.

प्रथिनांचा हिशोबही सांगून टाकते, कारण तो प्रश्न रोज येतो. भारतीय प्रौढांसाठी आयसीएमआरची शिफारस दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅमची आहे. नियमित वजनं उचलणाऱ्याला दर किलो १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिनांचा उपयोग होतो. त्यापुढे जास्त खाऊन स्नायू फारसे वाढत नाहीत. साठ किलोच्या मुलासाठी हे सुमारे ९५ ग्रॅम होतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, मोठा पेला दुधात सात-आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. उसळी, शेंगदाणे, दही, मासे, चिकन आहेतच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा हिशोब तुमच्या डॉक्टरांनीच करायचा.

त्याच वर्षी आलेली गोळी

आता १९५८ कडे परत येऊ. ज्या वर्षी हा सिनेमा इटलीत लागला, त्याच वर्षी सिबा या औषध कंपनीने अमेरिकेत 'डायनाबॉल' नावाची गोळी आणली. हे टेस्टोस्टेरॉनचं बदललेलं रूप होतं. आजारपणाने खंगलेल्या, भाजलेल्या, अशक्त रुग्णांच्या अंगावर मांस यावं हा तिचा हेतू.

याआधी १९५४ साली व्हिएन्नात जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली होती. सोव्हिएत खेळाडू टेस्टोस्टेरॉन घेतात हे तिथे अमेरिकन संघाचे डॉक्टर जॉन झीगलर यांना समजलं. डायनाबॉल आल्यावर त्यांनी ती आपल्या वेटलिफ्टरांना द्यायला सुरुवात केली. त्यांनी सांगितलेला डोस थोडा होता. 'एका गोळीने एवढं, तर चार गोळ्यांनी किती!' असा हिशोब खेळाडूंनी स्वतःच केला. झीगलर यांना पुढे या सगळ्याचा उघड पश्चात्ताप झाला, पण तोवर गोळी जिममध्ये पोहोचली होती. ऑलिम्पिक समितीने या औषधांवर १९७५ साली बंदी घातली.

आता पडद्याकडे बघा. १९५० च्या 'मिस्टर युनिव्हर्स' स्पर्धेत रीव्ह्जने ज्याला हरवलं तो रेग पार्क १९६१ पासून स्वतः इटालियन हर्क्युलिस झाला. पार्कला पाहून ऑस्ट्रियातला एक मुलगा भारावून गेला. तो अर्नोल्ड श्वार्त्झनेगर. १९७० साली 'हर्क्युलिस इन न्यू यॉर्क'मध्ये तोच हर्क्युलिस झाला. आपण त्या काळात स्टिरॉइड्स घेतली होती, हे त्याने पुढे स्वतः सांगितलं आहे. बारा वर्षांत हर्क्युलिस तोच राहिला, शरीर मात्र बदललं. तेव्हापासून आपल्या डोळ्यांसमोरची फूटपट्टीच बदलली.

एक खुलासा इथेच करते. दमा, संधिवात, ॲलर्जी यांसाठी डॉक्टर जी स्टिरॉइड्स देतात ती वेगळी. ती कॉर्टिसोनच्या जातीची. इन्हेलर घेणाऱ्यांनी हा लेख वाचून तो बंद करू नये! आपण बोलतोय ते ॲनाबॉलिक स्टिरॉइड्सबद्दल, म्हणजे टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या भावंडांबद्दल.

भरलेली टाकी, बंद पडलेला पंप

माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लग्नाला चार वर्षं, मूल नाही. ती एकोणतीस वर्षांची, तो एकतीसचा. सोबत त्याची आई. मुलीच्या हातात जाडजूड फाइल होती: सोनोग्राफ्या, हॉर्मोनच्या तपासण्या, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारा एक्स-रे, एक दुर्बिणीची तपासणी. सगळं नॉर्मल. त्या फाइलमध्ये नवऱ्याचा एकही कागद नव्हता.

मी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "त्याला काय झालंय? बघा की तब्येत!"

तब्येत दिसतच होती. टी-शर्टच्या बाह्या दंडांना पुरत नव्हत्या.

वीर्यतपासणी केली. रिपोर्टमध्ये शुक्रजंतू शून्य. दुसऱ्या वेळी दुसऱ्या लॅबमध्येही शून्य. मग त्याला एकट्याला बसवून विचारलं. तीन वर्षं तो थांबून-थांबून इंजेक्शनं घेत होता, जिममधल्याच एका ओळखीच्या माणसाकडून. त्याचा मला आलेला प्रश्न मी विसरू शकत नाही. तो म्हणाला, "पण मॅडम, ते तर पुरुषांचंच हॉर्मोन आहे ना? मग उलट कसं झालं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर नीट समजून घ्या.

गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पाणी वर आलं की तरंगता गोळा वर येतो आणि आपोआप चालणारा पंप बंद होतो. आपल्या शरीरात टेस्टोस्टेरॉनची टाकी अशीच चालते. मेंदूतली पीयूषिका ग्रंथी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बघत असते. कमी झालं की ती दोन हॉर्मोन सोडते. एक वृषणांना टेस्टोस्टेरॉन करायला सांगतं, दुसरं शुक्रजंतू करायला मदत करतं. तुम्ही बाहेरून इंजेक्शन घेतलं म्हणजे टँकर आणून टाकी काठोकाठ भरली. मेंदूला वाटतं, भरपूर आहे, पंप बंद. दोन्ही हॉर्मोन थांबतात.

शुक्रजंतू तयार व्हायला वृषणांच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त लागतं. ते तिथेच तयार व्हावं लागतं. रक्तातून आलेलं पुरत नाही. म्हणून रक्तात टेस्टोस्टेरॉनचा पूर आणि वृषणांत दुष्काळ अशी स्थिती होते. वृषणं काम नसल्याने आकारानेही लहान होतात.

हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तो तपासून पाहिला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं. सहा महिन्यांत निम्म्याहून जास्त पुरुषांचे शुक्रजंतू शून्यावर आले. जिममध्ये चालणारे डोस याच्या कितीतरी पट असतात. मूल हवं म्हणून देवाला नवस बोलणारा माणूस दर आठवड्याला स्वतःच्या हाताने गर्भनिरोधक टोचून घेत असतो आणि त्याला ते माहीत नसतं.

त्या तरुणाने इंजेक्शनं थांबवली. हॉर्मोनतज्ज्ञांकडे उपचार सुरू केले. एक शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि बंद पडलेला पंप सुरू व्हायला त्याहून जास्त. बहुतेकांच्या बाबतीत सहा महिने ते दोन वर्षांत सुधारणा होते. काहींच्या बाबतीत ती पूर्ण होत नाही. याच्या रिपोर्टमध्ये अकराव्या महिन्यात शुक्रजंतू दिसले, थोडे. उपचार अजून चालू आहेत.

पण त्याआधी एक गोष्ट झाली. माझ्यासमोरच त्याने आईला सांगितलं, "आई, दोष माझ्यात आहे. हिच्यात नाही." सासूबाई गप्प झाल्या. मुलगी थोड्या वेळाने म्हणाली, "चार वर्षं मी सोळा सोमवार केले, मॅडम." तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. म्हणून मी प्रत्येक जोडप्याला सांगते: मूल होत नसेल तर पहिल्याच भेटीत दोघांच्या तपासण्या सुरू करा. पुरुषाची वीर्यतपासणी स्वस्त आहे, सुई-टाक्याशिवाय होते. ती शेवटी ठेवून बाईच्या पोटात दुर्बीण घालणं हा उलटा क्रम झाला.

बाकीच्या शरीराचं काय होतं?

हृदयही स्नायूच आहे. ॲनाबॉलिक स्टिरॉइड्सने त्याची भिंत जाड होऊ शकते आणि जाड झालेली भिंत नीट सैलावत नाही. चांगलं कोलेस्टेरॉल (एचडीएल) घसरतं, वाईट (एलडीएल) वाढतं, रक्त दाट होतं, रक्तदाब चढतो. तरुण वयात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यायला ही सगळी तयारीच झाली. डायनाबॉलच्या जातीच्या गोळ्यांनी यकृताला इजा होते. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं शरीर स्त्री-हॉर्मोनमध्ये रूपांतर करतं, म्हणून मुलांची छाती स्तनांसारखी वाढते. ती वाढ जुनी झाली तर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. मुरमं येतात, टक्कल लवकर पडतं, चिडचिड वाढते. औषध थांबवल्यावर उलट नैराश्य येतं. म्हणून मुलं पुन्हा औषधाकडे वळतात. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये हाडांची वाढ वेळेआधी थांबून उंची खुंटते. मुलींचा आवाज घोगरा होतो आणि तो परत पहिल्यासारखा होत नाही.

हे सगळं भाच्याला सांगत असताना तो नेहमीपेक्षा गप्प होता. मग हळूच म्हणाला, "आमच्या इथे एकाने मला विचारलं होतं. तीन महिन्यांचा कोर्स, म्हणाला, साइड इफेक्ट काही नाहीत." मी त्याला ओरडले नाही. विचारलं, "तू काय म्हणालास?" तो म्हणाला, "बघतो म्हणालो."

या 'बघतो'साठीच हा लेख लिहिते आहे. घरात ओरडा बसेल या भीतीने किती मुलं हा प्रश्न विचारतच नसतील!

मोठं दिसणं आणि बळकट असणं

इंटर्नशिपमध्ये बालरोग विभागात पाहिलेला एक मुलगा मला आठवतो. पाच-सहा वर्षांचा. पोटऱ्या, दंड एखाद्या छोट्या पैलवानासारखे. आजोबांना त्याचं कौतुक. पण मूल जिन्यावर दमायचं, बोलायला मंद, उंची कमी, बद्धकोष्ठ कायमचं. त्याला थायरॉइडची कमतरता होती. पुस्तकात अशा मुलांच्या रूपाला चक्क 'हर्क्युलिससारखं' म्हटलेलं असतं. त्यांचे स्नायू मोठे, पण कमजोर. थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर पोटऱ्या हळूहळू बारीक होतात आणि मूल पळायला लागतं. डुशेन नावाच्या स्नायूंच्या आजारातही मुलांच्या पोटऱ्या जाड दिसतात आणि ताकद मात्र कमी होत जाते. म्हणून लहान मुलाच्या पोटऱ्या फार भरलेल्या असतील आणि ते वारंवार पडत असेल किंवा गुडघ्यांवर हात टेकून उठत असेल, तर कौतुक करत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मोठेपणीही हेच सूत्र. रीव्ह्जचंच उदाहरण घ्या. 'हर्क्युलिस'मध्ये झाड फेकून रथ थांबवणाऱ्या या माणसाचा खराखुरा रथ, १९५९ च्या 'द लास्ट डेज ऑफ पॉम्पेई'च्या चित्रीकरणात, झाडावर आदळला आणि त्याचा खांदा निखळला. त्यानंतर पाण्याखालचा एक प्रसंग करताना दुखापत आणखी वाढली. पुढच्या प्रत्येक सिनेमातल्या हाणामारीने ती चिघळत गेली. शेवटी त्याच खांद्याने त्याची सिनेमाची कारकीर्द संपवली. शेवटचा सिनेमा १९६८ चा.

खांद्याची रचनाच अशी आहे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो ज्यात बसतो ती खोबण बशीसारखी उथळ. म्हणून हात सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच तो सहज निसटतो. त्याला जागेवर धरतात ते आतले चार लहान स्नायू आणि अस्थिबंध. ते आरशात दिसत नाहीत, फोटोत येत नाहीत. बाहेरचा दंड साडेअठरा इंचांचा असला तरी आतल्या या चौघांना दुखापत झाली की काम थांबतं. स्टिरॉइड्स घेणाऱ्यांचे स्नायू भराभर वाढतात, पण स्नायूबंध त्या वेगाने तयार होत नाहीत. मग जास्त वजनाला ते तुटतात.

रीव्ह्जने नंतर कॅलिफोर्नियात रँच घेतलं, घोडे पाळले, चालण्याचा प्रसार केला. २००० साली, वयाच्या ७४ व्या वर्षी लिम्फोमा या कर्करोगाच्या आजारपणात तो गेला. त्या आजाराचा व्यायामाशी संबंध नव्हता. कमावलेलं शरीर आयुष्य चांगलं करतं, अमर करत नाही. सिनेमातल्या हर्क्युलिसनेही तो हट्ट सोडलाच होता.

मग करायचं काय?

व्यायाम जरूर करा. वजनं उचलणं हाडांना, साखरेला, मनाला, सगळ्याला चांगलं आहे, बायकांनाही आणि साठीनंतरही.

• आठवड्यातून तीन दिवस पुरेत. एकाच स्नायूला रोज झोडपू नका. सात-आठ तास झोप घ्या.

• खांद्याच्या आतल्या स्नायूंचे, पाठीचे, पायांचे व्यायाम टाळू नका, ते आरशात दिसत नसले तरी.

• खांदा निखळला तर कुणालाही हिसका देऊन बसवू देऊ नका. हात झोळीत बांधा आणि एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात जा.

• लेबल नसलेली पावडर, 'विशेष' गोळ्या, इंजेक्शनं जिममधून घेऊ नका. टेस्टोस्टेरॉन हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्याचं औषध नाही.

• आधीच घेत असाल तर लाजू नका. तुमच्या डॉक्टरांना औषधाचं नाव, डोस आणि किती महिने घेतलं ते खरं सांगा. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, यकृत, हिमोग्लोबिन, हॉर्मोन आणि गरज वाटल्यास हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. थांबवल्यावर मन फार उदास झालं तर तेही सांगा, त्यावर उपचार आहेत.

• इंजेक्शनची सुई कुणाबरोबर वाटून घेतली असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या करा.

• मूल हवं असेल तर ही औषधं थांबवायची वेळ आजची आहे, लग्नानंतरची नाही.

आणि आईवडिलांना एक विनंती. मुलगा जिमला जातो याचा आनंद माना, पण तीन महिन्यांत दहा किलो वाढला तर नुसतं कौतुक करू नका. जवळ बसवून विचारा. त्याने खरं सांगितलं तर रागावू नका, त्याला घेऊन दवाखान्यात या.